शंभरात ऐंशी माद्या : आल्प्समधल्या एका चुक्याची शिरगणती

आल्प्समध्ये, झाडांची रेषा संपते त्याच्याही वर, काही खोलगट जागा अशा असतात की तिथला बर्फ सगळ्यात शेवटी जातो. आजूबाजूची कुरणं फुलून आलेली असतात तेव्हाही या खळग्यांत पांढरी ठिगळं शिल्लक असतात. ती वितळली की खालची ओली माती उघडी पडते आणि पुढचा बर्फ पडेपर्यंत जे काही आठवडे हाती लागतील तेवढ्यात तिथल्या वनस्पतींना पानं, फुलं, बी असा सगळा संसार उरकावा लागतो. अशाच खळग्यांत, चुनखडीच्या जमिनीवर, जेमतेम वीतभर उंचीची एक बहुवर्षायू वनस्पती उगवते. तिचं शास्त्रीय नाव रुमेक्स निव्हॅलिस. निव्हॅलिस म्हणजे बर्फाचा.

रुमेक्स हे आडनाव आपल्याला परकं नाही. मंडईत जुडीने मिळणारा, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून ज्याची पातळ भाजी होते, तो आंबट चुका म्हणजे रुमेक्स व्हेसिकॅरियस. तेव्हा आल्प्समधल्या या भावंडाला मी इथे हिमचुका म्हणणार आहे. नाव माझं, सोयीपुरतं.

चुक्याची जुडी न खुडता कुंडीत तशीच वाढू दिली तर त्याला तुरा येतो आणि तुऱ्यावर गुलाबी पंखांची तिकोनी फळं लटकतात. हे सगळं एकाच रोपावर होतं. त्याला जोडीदार लागत नाही. हिमचुक्याचं तसं नाही. त्याची काही रोपं फक्त परागकण तयार करतात, काही फक्त बी. नर वेगळा, मादी वेगळी. सपुष्प वनस्पतींच्या जातींपैकी फार तर पाच-सहा टक्के जाती अशा विभक्तलिंगी आहेत. आपल्याकडची उदाहरणं म्हणजे कोकम, जायफळ, ताड आणि पपईचे काही वाण.

इव्हाना स्टेलिक आणि टोरांटो विद्यापीठातले स्पेन्सर बॅरेट यांनी 2000 नंतरच्या दशकात स्विस आल्प्समध्ये ठिकठिकाणी फिरून हिमचुक्याची मोजदाद केली. फुलावर आलेल्या शंभर रोपांमागे ऐंशीहून अधिक माद्या भरल्या. एखाद्या खळग्यात योगायोगाने असं झालं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण जिथे मोजावं तिथे पारडं माद्यांकडेच झुकलेलं.

(लिंगगुणोत्तर हा शब्द आला की आपल्या डोळ्यांसमोर जनगणनेचे तक्ते आणि सोनोग्राफीच्या खोलीतली पाटी येते. तो प्रश्न माणसाने केलेल्या निवडीचा आहे. इथे निवड करणारं कुणी नाही, आणि तिढा नेमका त्यामुळेच आहे.)

बागाईतदाराचं गणित

हा आकडा ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात येणारं उत्तर एकच असतं : बरोबरच आहे, नर हवेत कशाला इतके? कोकणात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, रोपं बियांपासून केली तर साधारण निम्मी नर निघतात. नर की मादी हे कळायला फुलं यावी लागतात, आणि त्यासाठी सहा-सात वर्षं झाड पोसावं लागतं. सहा वर्षं शेणखत घालून, वणव्यापासून जपून, शेवटी अर्ध्या झाडांना फळच नाही, ही ज्याच्यावर गुदरली आहे तो पुढच्या वेळी मादी झाडाच्या फांदीची कलमंच लावतो आणि बागेत नर ठेवतो ते मोजके. थोड्या नरांत काम भागतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग निसर्गालाही ते कळायला काय हरकत आहे? माद्या जास्त तर बी जास्त, बी जास्त तर जातीचं भलं.

हरकत अशी की जंगलाला मालक नसतो. बागाईतदार सबंध बागेचं उत्पन्न बघतो. नैसर्गिक निवडीला बागेचं उत्पन्न दिसत नाही. एका रोपाचे वारस दुसऱ्या रोपाच्या वारसांपेक्षा पुढच्या पिढ्यांत किती उरले एवढंच तिथे मोजलं जातं. आणि त्या हिशेबात नरांचा तुटवडा ही नरांसाठी चैन असते.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक बीला एक आई असते आणि एकच बाप. म्हणजे पुढच्या पिढीत जाणाऱ्या वारशाचा बरोबर अर्धा भाग नरांकडून येतो, मग नर कितीही कमी असोत. शंभरात ऐंशी माद्या आणि वीस नर असतील, आणि त्यांनी मिळून आठशे बिया केल्या, तर मादीच्या वाट्याला सरासरी दहा बिया येतात आणि नराच्या वाट्याला चाळीस. चौपट. अशा ठिकाणी एखाद्या रोपाच्या अंगात मुलगे जास्त काढण्याचा गुण आला, तर त्याला नातवंडं जास्त मिळतात. तो गुण पसरतो, नर वाढतात आणि नरांची चैन संपते. उलट बाजूनेही तेच. हे झोके निम्म्या-निम्म्यावर येऊन थांबतात, कारण तिथेच मुलगा काढला काय आणि मुलगी काढली काय, किंमत सारखी पडते.

हा युक्तिवाद ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांच्या नावाने ओळखला जातो. 1930 साली त्यांनी तो मांडला. जर्मनीच्या कार्ल ड्यूसिंग यांनी 1884 मध्येच त्याचं गणित केलं होतं, ते मागे पडलं. डार्विन 1871 मध्ये या प्रश्नाच्या जवळ आले होते, पण ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे असं म्हणून त्यांनी तो पुढच्यांवर सोडून दिला. मला हे नेहमी गमतीचं वाटतं. उत्तर दोन ओळींचं होतं, फक्त कळपाकडे बघणं सोडून नातवंडं मोजायला हवी होती.

कोकमाच्या रोपांत निम्मे नर का, याचं उत्तर त्यात आहे. हिमचुका मात्र ऐंशीच्या वर बसलाय आणि खाली यायचं नाव घेत नाही. फिशर चुकले, की आपण मोजताना कुठेतरी चुकतोय?

मोजायचं कधी?

आधी मोजण्याचं बघू, कारण निम्मं कोडं तिथेच सुटतं.

फुलावर आलेलं रोप मोजणं सोपं : नराच्या तुऱ्यात लोंबणारे परागकोश दिसतात, मादीच्या फुलातून ब्रशासारख्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, बाहेर डोकावतात. पण फुलापर्यंत पोचलेलं रोप म्हणजे कितीतरी वर्षांच्या गाळणीतून उरलेलं रोप. बी असताना नर-माद्यांचं प्रमाण काय होतं हे त्यावरून कळत नाही, आणि हिमचुक्याचं बी हातात घेऊन ते नर की मादी हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. म्हणून संशोधकांनी फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या डीएनएची खूण वापरली. बी रुजवून कोवळ्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा. खूण सापडली तर नर, नाही सापडली तर मादी. अजून न फुललेल्या रोपांनाही हीच युक्ती लागू पडते.

तेव्हा पायऱ्या दिसल्या. बियांमध्ये माद्या शंभरात साठाच्या आसपास. न फुललेल्या रोपांत पाऊणशेच्या वर. फुललेल्या रोपांत ऐंशीच्या वर. म्हणजे हा झुकाव एका फटक्यात झालेला नाही. जन्माला येताना थोडा, आणि मग वाढताना वाढत गेलेला.

फिशरच्या हिशेबात या दोन भागांचं वजन सारखं नाही. बी आईपासून सुटल्यावर नर जास्त मेले तर त्याने आईच्या निवडीवर काहीच परिणाम होत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण बघा : नर मरत गेले तर उरलेल्या नरांचा वाटा वाढतो, आणि एका नर-बीचं सरासरी मोल, म्हणजे जगण्याची शक्यता गुणिले जगल्यावर मिळणारा वाटा, जिथल्या तिथे राहतं. मेलेल्यांचं नुकसान जगलेल्यांच्या नफ्यात वळतं होतं. तेव्हा साठावरून ऐंशीपर्यंतची चढण फिशरशी भांडत नाही. तो नरांच्या मरतुकीचा प्रश्न आहे, उत्क्रांत झालेल्या प्रमाणाचा नाही.

ही मरतूकही तशी अनपेक्षितच आहे. एरवी बी आणि फळ पोसायचा खर्च मादीवर पडतो, त्यामुळे दीर्घायुषी वनस्पतींत माद्याच दमतात आणि लवकर जातात, असा अंदाज बांधला जातो. हिमचुक्यात उलट घडतं. संशयाची सुई नराच्या वाय गुणसूत्रांकडे वळते. त्याकडे आपण येऊच.

भांडण उरतं ते बियांमधल्या साठाशी. साठ मुली आणि चाळीस मुलगे म्हणजे एका मुलाचं मोल एका मुलीच्या दीडपट. दीडपट नफा देणारी संधी समोर असताना पिढ्यान् पिढ्या ती कुणीच का उचलत नाही?

तीन ब्रश, एक बीजांड

उत्तराचा एक धागा शंभर वर्षं जुना आहे. मेंडेलचे नियम 1900 मध्ये ज्या तिघांच्या हातून पुन्हा उजेडात आले, त्यांतले एक कार्ल कोरेन्स. पुढे ते बर्लिनच्या डाहलेममधल्या जीवशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. विभक्तलिंगी वनस्पतींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांत हिमचुक्याचं जवळचं नातलग रुमेक्स असेटोसाही होतं. त्यांच्या लक्षात आलं की मादी फुलावर परागकण भरपूर टाकले तर मुली जास्त निघतात आणि मोजकेच टाकले तर हा कल कमी होतो. त्यांनी अर्थ लावला तो असा : परागकण कुक्षीवर रुजतो, त्यातून नलिका निघते, ती बीजांडाकडे वाढत जाते. एक्स गुणसूत्र घेऊन निघालेली, म्हणजे मुलगी देणारी, नलिका वायवालीपेक्षा जरा वेगवान असेल, तर गर्दीत तीच आधी पोचणार. गर्दी नसेल तर मागून येणाऱ्यालाही जागा मिळते.

कल्पना छान होती. पुरावा मात्र तुटक राहिला. 1975 मध्ये पोलंडमधल्या दोघा संशोधकांनी असेटोसावर पुन्हा विरळ आणि दाट परागण करून बघितलं आणि कोरेन्स यांच्या बाजूने कौल दिला, तरी वनस्पतींच्या जगात अशी शर्यत खरंच प्रमाण हलवते का याबद्दल शंका घेणारे राहिलेच.

ही शर्यत बघायला हिमचुक्यासारखं मैदान नाही. फूल एवढंसं, टाचणीच्या डोक्याच्या मापात मोजावं असं. त्यातून तीन कुक्षी बाहेर येतात, प्रत्येक कुक्षी ब्रशासारखी तंतूतंतूंची, कारण वाऱ्यावरचे कण झेलायचे आहेत. इथे मधमाशीची वाट कुणी बघत नाही. आणि या तीन ब्रशांनी झेललेल्या सगळ्या कणांसाठी आत बीजांड असतं फक्त एक. एका फुलात एकच बी. लग्नाला नवरदेव डझनभर आणि बोहल्यावर पाट एकच, असा प्रकार. वांग्याच्या किंवा पपईच्या फुलात शेकडो बीजांडं असतात. तिथे पहिला आला नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्याची सोय लागते. इथे दुसऱ्या क्रमांकाला बक्षीस नाही.

2006 मध्ये स्टेलिक आणि बॅरेट यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका सरळ आहे की शाळेच्या मैदानावर मांडता यावा. बागेत मधोमध नर रोपांचा पुंजका. त्याच्याभोवती मादी रोपांची तीन वर्तुळं : एक जवळ, एक मध्यम अंतरावर, एक लांब. बाकी सगळं वाऱ्यावर सोडलं. मग कुक्षींवरचे कण मोजले, किती फुलांत बी धरलं ते मोजलं, आणि बिया रुजवून डीएनएच्या खुणेवरून नर-मादी ठरवलं.

अपेक्षेप्रमाणे लांबच्या वर्तुळात कुक्षींवर कण कमी पडले आणि बीही कमी धरलं. आणि मुलींचं प्रमाण? तिन्ही वर्तुळांत मुलीच जास्त, पण नरांच्या सगळ्यात जवळ असलेल्या माद्यांकडे हा कल लांबच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक. याच्या जोडीला काही कुक्षींवर हाताने पराग माखला. वाऱ्याने पडतात त्याच्या सुमारे शंभरपट कण एकेका कुक्षीवर चढले. त्या बियांमध्ये शंभरात 96 मुली निघाल्या.

या निकालातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. मुली जास्त असण्याचं दुसरंही कारण असू शकलं असतं : नर गर्भ तयार होत असतील, पण आतल्या आत मरत असतील. तसं असतं तर ज्या तुऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त, त्यांत पोकळ, न भरलेली फुलंही जास्त दिसायला हवी होती, कारण एका फुलात एकच बीजांड. ते गेलं की फूल वाया. प्रत्यक्षात उलट दिसलं. बी जितकं भरघोस धरलेलं, तितक्या मुली जास्त. म्हणजे मुलगे पोटात मरत नव्हते. ते पोचतच नव्हते.

तिसरी शक्यताही तपासून झाली. नराच्या परागकोशातच एक्सवाले कण जास्त बनत असतील तर? 2007 मध्ये त्यांनी आणखी दोघांबरोबर परागकणांमधल्या केंद्रकांचा डीएनए यंत्राने मोजून कणांची लिंगवार विभागणी केली. तिथेही कल मुलींकडेच निघाला, पण किरकोळ. त्या किरकोळ कलाने बियांमधला आकडा भरून निघत नाही. म्हणजे खरा खेळ कुक्षीपासून बीजांडापर्यंतच्या त्या मिलिमीटरभराच्या वाटेवर होतो.

लंगडा घोडा

वायवाला कण मागे का पडतो, यासाठी गुणसूत्रांकडे जावं लागतं. 1923 मध्ये किहारा आणि ओनो या जपानी शास्त्रज्ञांनी असेटोसाची गुणसूत्रं मोजली तेव्हा मादीत चौदा आणि नरात पंधरा भरली. मादीला दोन एक्स. नराला एक एक्स आणि दोन वेगवेगळे वाय. हिमचुकाही याच घराण्यातला, त्याची मांडणीही हीच. त्यामुळे मुलगी देणाऱ्या कणात सात गुणसूत्रं असतात आणि मुलगा देणाऱ्यात आठ. यंत्राला कणांतला फरक ओळखता आला तो यामुळेच.

आठ म्हणजे एक जास्त, पण तो माल बराचसा भंगार आहे. दोन एक्स मादीच्या शरीरात एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यातून बिघडलेले भाग गाळले जातात. वायच्या बऱ्याचशा लांबीला अशी जोडीदाराची सोय नाही. एकदा बिघाड झाला की तो तसाच पुढे, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जुन्या घरात माणूस राहायला नसलं की कौल फुटलेलं फुटलेलंच राहतं, तसं. असेटोसात नर होणंसुद्धा वायवर अवलंबून नाही. एक्स आणि बाकीच्या गुणसूत्रांच्या प्रमाणावरून ते ठरतं. वाय लागतो तो पराग नीट तयार होण्यापुरता.

प्राण्यांत वाय कितीही मोडका असला तरी शुक्राणूला त्याचा फारसा जाच होत नाही, कारण शुक्राणू बहुतांशी बापाने तयार करून दिलेल्या शिदोरीवर पळतो. परागकणाचं तसं नाही. तो स्वतः एक लहानसा जीव आहे. रुजतो, खातो, नलिका वाढवतो, आणि त्यासाठी स्वतःच्या आतली हजारो जनुकं चालवतो. त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. ज्या कणाकडे एक्स नाही, त्याच्याकडे एक्सवरच्या चालू जनुकांच्या जागी वायवरची मोडकी तरी प्रत आहे किंवा तीही नाही. असा घोडा शर्यतीत उतरला तर मागे पडणारच. एकटाच धावत असेल तर पोचतो, गर्दीत नाही.

आता दीडपट नफ्याची संधी वाया का जाते ते दिसू लागतं. फिशरच्या हिशेबात मुलगा की मुलगी हे ठरवणारा, निदान ढकलणारा, आईबापांपैकी कुणीतरी आहे असं धरलेलं असतं. हिमचुक्यात ठरवतं कोण? बापाने जवळजवळ निम्मे-निम्मे कण वाऱ्यावर सोडून दिले आहेत, त्याचं काम संपलं. आईकडे येतात ते कण तिने मागवलेले नाहीत. आणि बाकीच्या गुणसूत्रांचं हित निम्म्या-निम्म्यात असलं तरी बापाच्या एक्सला त्याच्याशी देणंघेणं नाही : मुलगी झाली तरच तो पुढे जातो. वायला मुलगाच हवा. ब्रिटिश उत्क्रांतिशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये हे ठळकपणे मांडलं होतं की लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांचा स्वार्थ आणि बाकीच्या जनुकांचा स्वार्थ एक नसतो. म्हणजे एकाच परागकोशातून निघालेले कण एकमेकांचे वैरी. फिशरचा समतोल चुकलेला नाही. त्याची अंमलबजावणी करणारा अधिकारी इथे जागेवर नाही.

हा आईचा डाव आहे का?

इथे एक मोहक कल्पना येते आणि तिच्यापासून मला जरा अंतर ठेवावंसं वाटतं. न्यूझीलंडचे डेव्हिड लॉइड यांनी 1974 मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा असा : कुक्षीवर पराग दाट पडतो म्हणजे आसपास नर पुष्कळ आहेत. अशा वेळी मुली काढणं फायद्याचं. पराग विरळ म्हणजे नर थोडे, तेव्हा मुलगे काढावेत. शर्यत हे काम आपोआप करते. आईला काही मोजायला नको, परागाची गर्दीच तिला बातमी देते.

2008 मध्ये स्टेलिक, जॅनिस फ्रीडमन आणि बॅरेट यांनी हे बागेबाहेर, थेट आल्प्समधल्या खळग्यांत तपासलं. मादीच्या अवतीभोवती, हातभर अंतरात, नर जास्त असतील तर तिच्या कुक्षींवर पराग जास्त आणि तिच्या बियांत मुली जास्त, हे मोकळ्या रानातही खरं ठरलं. म्हणजे चक्र आहे. नर वाढले, पराग वाढला, मुली वाढल्या, पुढे नर घटले, पराग घटला, मुलींचा जोर ओसरला. हिमचुका बरीच वर्षं जगतो आणि पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे हे चक्र मंद फिरत असणार, पण फिरतं ते योग्य दिशेने.

तरीही याला आईचा डाव म्हणायला मी तयार नाही. डाव असता तर नर विरळ असलेल्या जागी पारडं दुसरीकडे झुकायला हवं होतं, शंभरात साठ मुलगे दिसायला हवे होते. तीन वर्तुळांच्या प्रयोगात सगळ्यात लांबच्या, परागाला आसुसलेल्या माद्यांनीही मुलीच जास्त दिल्या. हा तराजू एकाच बाजूला झुकतो. कमी झुकतो किंवा जास्त झुकतो, एवढंच. असा तराजू कुणी मुद्दाम बनवलेला नसतो, तो बिघडलेला असतो. माझ्या मते मूळ कारण वायची पडझड हे आहे. नरांची संख्या आपोआप सावरली जाणं हा त्या पडझडीतून निघालेला उपकारक अपघात. त्याचा फायदा होत असेलही, पण फायदा होतो म्हणून तो त्यासाठीच घडला असं म्हणता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आईच्या बाकीच्या जनुकांना मुलगे हवे आहेत, तर तिने शर्यत मोडून का काढू नये? कुक्षी लहान ठेवल्या, कमी कण झेलले, की वायवाल्याला संधी. पण बर्फाच्या खळग्यात ही काटकसर परवडत नाही. लांबच्या वर्तुळात बी कमी धरलं होतं हे आठवा. कण कमी झेलणं म्हणजे फुलं पोकळ जाणं. हंगाम आठवड्यांचा, वारा बेभरवशाचा. अशा जागी मुलग्याच्या दीडपट मोलासाठी बी गमावण्याचा जुगार कोण खेळेल? ब्रश मोठाच ठेवावा लागतो, आणि मोठ्या ब्रशाबरोबर गर्दी आणि गर्दीबरोबर मुली येतात.

वायच्या बाजूनेही उतारा आहे, पण मर्यादित. जो वायवाला कण आपल्या जातभाईंपेक्षा जरा चपळ, तो पुढच्या पिढीत जातो. म्हणजे शर्यतच वायला पूर्ण कोसळू देत नाही. फार लंगडे प्रत्येक हंगामात गळतात. परागकणाला स्वतःची जनुकं वापरावी लागतात म्हणूनच वनस्पतींच्या वायची पडझड प्राण्यांच्या मानाने हळू होत असावी, असं मानणाऱ्यांचा आधार हाच आहे.

कोकमाकडे परत

हिमचुका बघून सगळ्या विभक्तलिंगी वनस्पतींत माद्या जास्त असं धरणं चुकीचं होईल. 2013 मध्ये डेव्हिड फील्ड, मेलिंडा पिकअप आणि बॅरेट यांनी 243 जातींचे आकडे एकत्र केले. बऱ्याच जाती निम्म्या-निम्म्याच्या जवळ होत्या, आणि ज्या झुकल्या होत्या त्यांत नरांकडे झुकलेल्या माद्यांकडे झुकलेल्यांच्या सुमारे दुप्पट. नरांचं आधिक्य जास्त करून दीर्घायुषी झाडांत आणि पक्षी-प्राण्यांनी खाल्ल्या जाणाऱ्या गराच्या फळांच्या जातींत. माद्यांचं आधिक्य जिथे लिंगगुणसूत्रं ठळक आहेत किंवा खोडामुळांनी पसारा वाढतो अशांत. हिमचुका दुसऱ्या गटातला. पुन्हा एकदा कारणं वेगळी : झाडांत नर जास्त दिसतात ते बहुधा जन्माने जास्त म्हणून नव्हे, तर ते कमी वयात फुलायला लागतात आणि दरवर्षी फुलतात म्हणून. मादी एका वर्षी फळांनी वाकली की पुढच्या वर्षी विसावा घेते.

त्यामुळे कोकणातल्या एखाद्या राईत जाऊन कुणी एका हंगामात रातांब्याची फुललेली झाडं मोजली आणि नर जास्त भरले, तर त्यावरून बियांचं प्रमाण सांगायला जाऊ नये. आल्प्समध्ये पानाच्या तुकड्यातून जे कळलं ते इथे फुलाची वाट बघून कळतं. राईतली जी झाडं त्या साली मुकी उभी होती, ती नर की मादी हे मोजणाऱ्याच्या वहीत आलेलंच नसतं.